गाठबघणीची रीत

आप्पासाहेबांच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये, मधल्या कप्प्यात, कृषी केंद्राला मिळालेल्या ढालीच्या शेजारी त्यांच्या बायकोचा ईसीजी उभा करून ठेवला होता. लॅमिनेशन करून. आज लेकीच्या सोयरिकीची सुपारी फोडायला पाचोडचे पाव्हणे येणार म्हणून आप्पासाहेबांनी सकाळीच तो स्वतःच्या हातानं पुसला आणि दारातून आत येणाऱ्याच्या नजरेत भरंल असा जरा तिरका लावला.

कारण तसंच होतं. या घरातल्या बायका काळजाच्या दुखण्यानं जातात असा पिशोरपासून पाचोडपर्यंत बोभाटा होता, आणि तो घरानंच मिरवून मिरवून केला होता. आप्पासाहेबांची आजी भागूबाई. पोलीस ॲक्शनच्या साली मूळ गावाच्या, पिशोरच्या शिवेवर रझाकार आल्याचं तिनं ऐकलं आणि छातीला हात लावून जी खाली बसली ती उठलीच नाही. हे काकासाहेब दर लग्नात सांगायचे. काकासाहेब म्हणजे भागूबाईचा धाकटा लेक, आप्पासाहेबांचा चुलता, वय पंचाहत्तर, आवाज शंभर माणसांना पुरंल एवढा. दर लग्नात रझाकार वाढायचे. मागच्या लग्नात ते दोनशेवर गेले होते आणि त्यांच्याखाली घोडीही आली होती.

ईसीजीची कथा त्याहून भारी. श्रावणात आशाबाई नवऱ्याला हळूच म्हणली, "अहो, छातीत गाठ लागायलीय." आप्पासाहेबांनी यातलं 'छातीत' तेवढं ऐकलं. गाडी काढली आणि बायकोला घेऊन थेट हृदयाच्या डॉक्टरकडं. डॉक्टरनं विचारलं काय होतंय, तर आशाबाईनं तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "छातीत." डॉक्टर पुरुष, बाजूला कंपाउंडर पुरुष, दारात नवरा. आशाबाईनं पदर सावरला आणि गप पडून राहिली. मशीनची एक वायर तर गाठीपासून बोटभर अंतरावर चिकटवली होती. पण मशीनला काळजाचं विचारलं होतं, त्यानं काळजाचं सांगितलं. नॉर्मल. आप्पासाहेबांनी येता येता पेढे घेतले.

यातलं गाठीचं आवडाबाईला आज सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि तिचा जीव त्याचाच जास्त जळत होता. आवडाबाई आप्पासाहेबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून हर्सूलच्या याच बंगल्यात. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण घरात तिच्या नजरेतून सुई सुटत नव्हती आणि तिच्या तोंडातून माणूस. पाच वर्षांमागं घरामागं बोअर घेतला तेव्हा हिनं कॉलनीत उठवून दिलं की या पाण्यानं केस उगवतात. महिनाभर हर्सूलच्या जेलपासून तळ्यापर्यंतचे टकले कॅन घेऊन रांगेत. त्यातल्या एका मास्तरला तर खरंच दोन केस आले म्हणतात, ते दाखवायला तो परत आला होता.

तर सकाळी अमिनाबी ब्लाऊज घेऊन आली. अमिनाबी मूळची पिशोरचीच, वाड्याशेजारची. चाळीस वर्षांपासून या घरातल्या बायकांचं शिवणकाम तिच्याकडं. मागच्या खोलीत आशाबाईला नवा ब्लाऊज घालून बघितला आणि अमिनाबीच्या कपाळाला आठी पडली.

"आशा, हात उप्पर कर. ये बाजू कपडा कायकू खींच रा?"

"तुमचीच शिलाई चुकली असंल, चाची."

"मेरी सिलाई? तेरा ये तीसरा ब्लाऊज है, तीनों इधरीच खींचते. कपडा झूट नै बोलता." असं म्हणून तिनं बोटं लावली, आणि ती बोटं तिथंच थांबली. "आवडाबाई. इधर आव जरा."

आवडाबाईनं हात लावला. बोराएवढी. डाव्या अंगाला, काखेच्या खाली.

"कधीपासून?"

"श्रावणापासून," आशाबाई म्हणली. "दुखत नाय वन्सं. बिलकुल नाय दुखत."

"आणि आप्पाला?"

"सांगितलं की. त्यांनी ईसीजी काढला."

आवडाबाईला हसू फुटलं, मग एकदम रडू आलं, म्हणून ती खेकसली, "अगं मग परत सांगायचं! छाती नव्हं, हे, असं नाव घेऊन सांगायचं!"

"काय नाव घेऊ?" आशाबाई म्हणली. "या घरात कुणी घेतलंय का कधी?"

खरंच कुणी घेतलं नव्हतं.

अमिनाबीच्या सुनेचं नाव राहत, ती सरकारी मोठ्या दवाखान्यात नर्स. तिथं येत्या बुधवारी चाळिशीच्या पुढच्या बायकांची तपासणी होती, मशीनवर, लेडी डॉक्टर. अमिनाबीनं ते सांगितलं तसं आशाबाईनं कानावर हात ठेवले. "लग्न झाल्यावर. तोवर माझ्या बेबीच्या सोयरिकीत मला विघ्न नको. तिकडच्यांना नुसतं कळलं की आईला गाठ हाय, तर घराण्यात रोग म्हणून उठून जातील. वन्सं, तुम्हाला माझी शपथ, यांना बोलायचं नाय. बोललात तर मी जहर खाईन."

"बोलत नाय," आवडाबाई म्हणली. "शप्पथ. आप्पाला एक शब्द बोलत नाय."

आणि अमिनाबीनं तिच्याकडं निरखून बघितलं. आवडाबाईनं एवढी सरळ शपथ घेतली म्हणजे कुणाचं तरी काहीतरी होणार, हे तिला चाळीस वर्षांच्या अनुभवानं कळत होतं.

*

अकराला पाव्हणे आले. रामकिसन पाचोडकर, मिशा वर केलेला, बोलताना दर वाक्याला "आमच्यात" म्हणणारा. त्याची बायको सरूबाई, अंगानं दुप्पट, बोलायला निम्मी. नवरामुलगा पुण्याला नोकरीवर, त्याची इथं गरजच नव्हती.

पोहे झाले. आप्पासाहेबांनी घसा खाकरला आणि शोकेसमधून ईसीजी काढला. "हे बघा पाव्हणं. लोक काही बी बोलतात. आमच्या घरात आता कसली भानगड नाय."

रामकिसननं तो उलटा धरला, मग सुलटा धरला. "ही रेघ कामून वरखाली जायलीय?"

"तेच नॉर्मल."

"सरळ पाहिजे ना?"

"सरळ झाली म्हणजे माणूस गेलं, पाव्हणं."

"हां हां. आमच्यात पण अशीच असती," रामकिसन म्हणाला आणि मान डोलावून कागद सरूबाईकडं दिला. सरूबाईनं त्याच्याकडं न बघता तो टीपॉयवर ठेवला आणि त्याच्यावर चहाची बशी ठेवली.

काकासाहेबांनी तबकातली सुपारी उचलली. आणि नेमक्या त्या वेळी आवडाबाई चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थबकली, जशी काही तिची कुणीतरी वाट अडवली.

"अगं बाई! काका, सुपारीला हात लावला? आणि गाठबघणी?"

काकासाहेबांनी सुपारी तबकात परत ठेवली.

"काय बघणी?" आप्पासाहेब म्हणाले.

"गाठबघणी रे. विसरलास? घरात नवी गाठ बांधायच्या आधी बायकांनी आपली गाठ परक्या बाईला दाखवून यायची. शिवेच्या पार. चाळिशीच्या वरच्या सगळ्यांनी, दोन्हीकडच्या. तिनं 'ठीक हाय' म्हणलं की मग सुपारी." आवडाबाईनं रामकिसनपुढं कप धरला आणि आवाज साखरेत बुडवला. "तुमच्याकडं नसंल म्हणा पाव्हणं. जुन्या घराण्यांतच असती ती. राहू द्या, बोलले मी."

रामकिसनच्या मिशा हलल्या. "नसंल कामून? आमच्यात तर दोन्ही अंगानं हाय. आईकडून बी, बापाकडून बी."

सरूबाईनं मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. तीस वर्षांच्या संसारात ही रीत तिच्या कानावर पहिल्यांदाच येत होती.

आता आप्पासाहेबांची पंचाईत. व्याह्यांच्यात आहे आणि आपल्यात नाही, असं कसं म्हणायचं? आणि आहे म्हणावं तर काय आहे ते कोण सांगणार? त्यांनी काकासाहेबांकडं बघितलं. काकासाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. आवडाबाईनं श्वास धरला. म्हातारा एका शब्दात सगळं उधळू शकत होता.

"मला वाटलंच होतं," काकासाहेब डोळे न उघडता म्हणाले, "कुणीतरी इचारील म्हणून."

"म्हणजे हाय?" आप्पासाहेब.

"हाय म्हणजे? अरे, आमच्या आईनं केलेली मी या डोळ्यांनी बघितलीय. पिशोरला. नदीच्या पल्याड गेलत्या सगळ्या जणी. हिरवी लुगडी. आणि घरातली वडील माणसं नारळ हातात घेऊन दाराकडं पाठ करून बसायची. जोवर बाया आत, तोवर मागं बघायचं नाय."

आवडाबाईनं ट्रे घट्ट धरला. नारळाचं आणि पाठ करून बसायचं तिनं सांगितलंच नव्हतं. म्हाताऱ्यानं दाणकन एक मजला वर चढवला होता.

"बघितलं तर?" रामकिसननं विचारलं.

काकासाहेबांनी जरा विचार केला. "बघितलं तर जावई घरजावई होतो."

"बरोबर," रामकिसन घाईनं म्हणाला. "आमच्यात बी तसंच हाय."

मागच्या दारात अमिनाबी उभी होती, गळ्यात टेप. तिचं तोंड मात्र हसत नव्हतं. ती काकासाहेबांकडं बघत होती. "हौ काकासाब?" ती हळूच म्हणली. "तुमारी अम्मा ने की थी? परायी औरत कू दिखाने गयी थी?"

काकासाहेबांनी चहाचा कप बशीत परत ठेवला. "व्हय... मी लहान व्हतो तवा."

"मैं भी छोटी थी," अमिनाबी म्हणली आणि आत निघून गेली.

आवडाबाईनं ते ऐकलं, पण तिचं सगळं लक्ष सरूबाईकडं होतं. सरूबाई म्हणाली, "मग कधी जायचं?" एवढंच. बुधवार ठरला. सुपारी काकासाहेबांच्या खिशात गेली, गाठबघणी झाली की तिथंच फोडायची म्हणून.

स्वयंपाकघरात आशाबाईनं नणंदेचा दंड धरला. "वन्सं. ही कुठली रीत? मी बावीस वर्ष या घरात हाय."

"बेबीच्या संसाराचा प्रश्न हाय. नको म्हणतीस?"

मग आशाबाईच्या ध्यानात आलं आणि तिनं पदर तोंडात धरला. हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं. "मरणाच्या चाबऱ्या हायत तुम्ही."

"आप्पाला बोलले का मी? एक शब्द तरी?"

*

बुधवारी क्रूझर गाडी दवाखान्याच्या फाटकातून आत वळली आणि आप्पासाहेबांनी पाटी वाचली. परत वाचली. खाली उतरून बहिणीला झाडाआड ओढलं.

"आक्के! ही कॅन्सरची जागा हाय!"

"शिवेच्या पार हाय का नाय?"

"अगं पण..."

"परकी बाई पाहिजे. आत लेडी डॉक्टर हाय, नागपूरची. त्यापरीस परकी कुठून आणू? लंडनहून?"

"गाठ म्हणजे..." आप्पासाहेबांचा चेहरा उतरत गेला. "गाठ म्हणजे कसली गाठ, आक्का?"

आवडाबाईनं मान गाडीकडं वळवली. आशाबाई गाडीच्या दारात एक पाय खाली टाकून बसली होती, पदर डाव्या खांद्यावरून घट्ट लपेटलेला. आप्पासाहेब तिच्याकडं बघत राहिले. श्रावण, हृदयाचा डॉक्टर, पेढे, लॅमिनेशन, सगळं त्यांच्या डोक्यातून एका मागं एक गेलं असावं, कारण त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि विनाकारण चष्मा पुसला.

तेवढ्यात रामकिसन आला. त्यानंही पाटी वाचली होती. "पाव्हणं, तुमच्यात गाठबघणी इथं करतात?"

माणूस किती घाबरलेला असला तरी व्याह्यापुढं मान खाली घालायला त्याला वेगळा जन्म लागतो. आप्पासाहेब म्हणाले, "व्हय. पूर्वी नदीच्या पल्याड करायचे. आता सोय झालीय ना."

"आमच्यात बी आता दवाखान्यातच," रामकिसन म्हणाला. त्याचा आवाज मात्र बारीक झाला होता.

मग तिघं पुरुष व्हरांड्यातल्या बाकावर, नारळ मांडीवर घेऊन, दाराकडं पाठ करून बसले. काकासाहेब मधे. शिपाई येऊन विचारून गेला. त्याला काकासाहेबांनी रीत सांगितली. कन्नड तालुक्याकडचा कुणी माणूस बायकोला घेऊन आला होता, तो थोडा वेळ बघत उभा राहिला आणि मग विचारता झाला, "नारळ कुठं मिळायलेत?" अर्ध्या तासात बाकावर पाच पाठी झाल्या. आवडाबाईनं आत जाताना ते बघितलं आणि तिला वाटलं, बोअरच्या पाण्यानंतर एवढं समाधान आजच.

आत अमिनाबीची सून राहत उभी होती, निळ्या कपड्यात, अंगानं सडपातळ आणि कामाला चपळ. मशीन बघून सरूबाई दारातच थांबली. "हे पापडाचं मशीन हाय का?"

"तसंच समजा मावशी," राहत म्हणली. "दाबतं जरा. पण पापड होत नाही."

सरूबाईची झाली. सगळं ठीक. ती बाहेर आली तेव्हा घामाघूम होती, पण आल्या आल्या म्हणाली, "आमच्या जावंला बी आणायला पाहिजे. लई दिवसांपासून काहीतरी लपवती ती."

आशाबाईला वेळ लागला. मशीन, मग सोनोग्राफी, मग डॉक्टरीण स्वतः. आवडाबाई पडद्याबाहेर उभी राहून नखं खात होती. सगळे चाळे, सगळी चतुराई त्या पडद्यापाशी संपली होती. आत नुसता भांड्यात काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. मग डॉक्टरीण म्हणाली, "बघा. सुईनं पाणी निघालं. गाठ गेली. पाण्याचीच होती, साधी. तरी तपासायला पाठवते."

आशाबाई हुंदके देऊन रडायला लागली.

"रडता कशाला? चार महिने घरी बसलात त्याबद्दल रडा," डॉक्टरीण म्हणाली. आवाज कोरडा, पण हात आशाबाईच्या पाठीवर. "या वेळी साधी निघाली. नसती निघाली तर? शहरातल्या बायकांत आता सगळ्यात जास्त हाच कॅन्सर दिसतो. माझ्याकडं बाया येतात तेव्हा गाठ लिंबाएवढी झालेली असते, आणि म्हणतात दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणून घरी बसायचं नसतं. लवकर सापडलं तर बहुतेक जणी बऱ्या होऊन घरी जातात. कुणी पाठवलं तुम्हाला?"

"आमच्यात रीत हाय," आशाबाई नाक पुसत म्हणाली.

"चांगली आहे रीत," डॉक्टरीण म्हणाली. आणि पडदा सारून तिनं आवडाबाईकडं बघितलं. "तुम्ही? झाली?"

"मी? मी तर नुसती ह्यांना हाकत आणलं. मला काय गाठबीठ नाय."

"वय?"

"अठ्ठावन्न."

"मग पहिला नंबर तुमचा होता. गाठ लागायच्या आधी बघायचं, म्हणून तर हे मशीन आहे."

"अहो डॉक्टरीणबाई, माझं पडीक रान हाय. त्याचा सातबारा काढून काय करता?"

राहत हसली. सोबत आलेली अमिनाबी हसली. आवडाबाई मशीनपाशी उभी राहिली तीही बडबडत, की या मशीननं एकदा आमच्या आप्पाचं डोकं दाबून बघा, आत काय हाय ते तरी कळंल. फोटो झाले. राहत बाहेर जाऊन आली. "आक्का, परत एक फोटो काढू. उजवीकडचा."

"पहिल्यात डोळे मिटले का माझे?"

या वेळी राहत हसली नाही.

तोही फोटो झाला. मग डॉक्टरीण आली, खुर्ची ओढून समोर बसली आणि आवडाबाईला कळलं. डॉक्टर लोक उभ्यानं सांगतात ते बरं असतं.

"हाताला लागणार नाही एवढं आहे. तांदळाच्या कणीएवढं. तुम्हाला अजून पाच वर्षं कळलं नसतं, नाहीतर दोन वर्षांत एकदम कळलं असतं. जाड सुईनं तुकडा घेऊन तपासू. असलंच काही, तर तुम्ही अगदी वेळेवर आलात."

"मी आले नव्हते," आवडाबाई म्हणली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मी रीत बनवली होती."

राहतनं फॉर्म काढला. पेन उघडलं. "आक्का, घराण्यात कुणाला होतं का? रक्ताच्या नात्यात?"

"आमच्यात सगळं काळजाचं."

"आई?"

"आई नव्वदीला गेली. म्हातारपणानं."

"मावशी, आत्या, आजी? वडिलांची आई?"

"भागूबाई. ती रझाकारानं."

"रझाकार आजार नाही, आक्का," राहत म्हणली आणि पेन थांबवून तिनं सासूकडं बघितलं. कारण अमिनाबी उठून उभी राहिली होती. गुडघे धरत ती दाराकडं निघाली. दवाखान्याचा ढगळ निळा झगा तसाच अंगाभोवती आवळून आवडाबाई तिच्या मागं गेली, आणि फॉर्म घेऊन राहत.

बाकावर पाच पाठी तशाच होत्या.

"काकासाब," अमिनाबी म्हणली. "पलटो."

"मागं बघायचं नसतं," काकासाहेब तिकडंच बघून म्हणाले.

"वो रीत तुमीच बनाए ना? तुमीच तोडो. ये बच्ची पूछ री के आवडी की दादी कू क्या हुआ था. मैं बोलूं? मेरी अम्मी ने कसम दी थी मेरे कू. अम्मी की कसम है, काकासाब, पर मैं बोलूंगी."

काकासाहेब वळले. मांडीवरचा नारळ घरंगळून खाली पडला, फुटला नाही, बाकाखाली गेला. त्यांनी निळ्या झग्यातल्या पुतणीला बघितलं. शंभर माणसांना पुरणारा आवाज कुठंतरी गेला.

"आवडे? तुला कामून हे कपडे?"

आवडाबाईनं राहतच्या हातातल्या फॉर्मकडं बोट केलं.

"ॲक्शन होऊन दोन वर्षं झाली होती तवा," काकासाहेब राहतच्या फॉर्मकडं बघून म्हणाले, जसं काही तोच विचारत होता. "आई मागच्या खोलीत असायची. दार लावून. आम्हाला आत जाऊ देत नव्हते. उदबत्त्या लावायचे, सारख्या. तरी वास यायचा. हिची आई, जहांआराचाची, रोज चिंध्या उकळून न्यायची. बदलायची. दुसऱ्या कुणाला आईनं दाखवलं नाय. वर्षभर पदराखाली झाकून शेतात जात होती म्हणे, मग जाणं जमंना. गेली तवा मी अकरा वर्षांचा. बापानं सांगितलं, इचारलं तर सांगायचं, छातीत कळ आली."

"छातीत म्हणजे हृदय का, काका?" राहतनं पेन धरलं.

"नाय."

"मग कुठं होती गाठ?"

काकासाहेबांनी आजूबाजूला बघितलं. आप्पासाहेब खाली मान घालून बसले होते. रामकिसन नारळाची शेंडी ओढत होता. कन्नडचा माणूस कान देऊन ऐकत होता. आणि मग म्हाताऱ्याचा तो आवाज, दर लग्नातला, एकदम परत आला.

"स्तनात!"

शिपाई वळून बघायला लागला.

"काका, हळू बोला," आप्पासाहेब कुजबुजले.

"हळूच बोललो रे आजवर. साठ वर्षं हळूच बोललो."

राहतनं लिहिलं. रामकिसन उभा राहिला, त्यानं घसा खाकरला. "म्हणजे पाव्हणं, घराण्यात तसं... म्हणजे रोग..."

आशाबाईनं दाराची चौकट धरली. हेच. याचसाठी चार महिने तिनं गाठ झाकली होती.

"अहो," सरूबाई म्हणाली. ती दारात केव्हा येऊन उभी राहिली होती कुणाला कळलंच नव्हतं. "तुमच्या आईला काय झालं होतं?"

"आईला? आईला छातीत..." रामकिसन बोलता बोलता थांबला. मिशा तशाच वर, तोंड उघडं.

"सुपारी काढा, काकासाहेब," सरूबाई म्हणाली. "फोडा. आणि ह्यांना मागं बघू द्या आता सगळ्यांना. मान अवघडली असंल."

काकासाहेब खिशात सुपारी शोधत होते. आवडाबाई त्यांच्या शेजारी बाकावर बसली. निळा झगा गुडघ्यांवर ओढून घेतला. आतून राहत हाक मारत होती, सुईची तयारी झाली म्हणून.

"काका," ती म्हणली. "मग रझाकार किती होते?"

म्हाताऱ्यानं पुतणीचा हात धरला.

"एक बी नव्हता, पोरी."